घरकुल भेटलं, पण पायरी चढता येत नाही. अन् मायबापानंतर काय, हे कोणी विचारत नाही

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन होऊन गेला. तालुक्याच्या ठिकाणी कार्यक्रम झाले, शाल-श्रीफळ झाले. काही ग्रामपंचायतींनी पाच टक्के निधीतून हजार-बाराशे रुपये वाटले, त्याचे फोटो ग्रुपवर फिरले. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झालं, त्याचंही भाषणात सांगून झालं. जून महिन्यात बच्चू कडू आपल्याच जिल्ह्यात मोझरीला उपोषणाला बसले होते तेव्हा मागणी सहा हजारांची होती. म्हणजे पैशावर बोलणं होत आहे, थोडंफार हलतही आहे.

घरावर मात्र कोणी बोलत नाही. दिव्यांग माणूस राहते कुठे, ज्या घरात राहते तिथे स्वतःच्या मनाने आत-बाहेर करू शकते का, संडासला जाताना कोणाची वाट पाहावी लागते का, आणि आज जे त्याला पाहतात ते उद्या नसतील तर तो कुठे जाईल? सरकारी कागदावर यातल्या पहिल्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. बाकीचे प्रश्न घरातल्या घरात कुजत राहतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ग्रामसभेत बोलायचं असेल तर तेच कामात येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ३७ सांगते की घर आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांमध्ये ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण, त्यातही दिव्यांग महिलांना आधी. हे कलम बहुतेक सरपंचांना माहीत आहे. कलम ५ कोणालाच माहीत नसते. ते म्हणते की दिव्यांग माणसाला समाजात, चारचौघांत राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि त्याला राहण्यासाठी लागणारी मदत घरात किंवा घराजवळ भेटली पाहिजे. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने घर म्हणजे चार भिंती अधिक लागेल तेवढी मदत. आपल्याकडे चार भिंतींपाशीच फाइल बंद होते.

आता चार भिंतींचीच गोष्ट घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार, मेळघाटासारख्या डोंगरी भागात १ लाख ३० हजार. सोबत रोजगार हमीतून सपाट भागात ९० दिवसांची मजुरी, संडासचे १२ हजार, आणि २०२५ मध्ये राज्याने जाहीर केलेले वरचे ५० हजार, त्यातले १५ हजार सोलरसाठी. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. हप्ता सुटण्यासाठी जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, छताचा फोटो. इतकी वर्षं बातम्या करतो, पण उताराचा, म्हणजे रॅम्पचा, फोटो काढायला कोणी आल्याचं मी पाहिलं नाही.

आपली काळी जमीन. पावसाळ्यात पाणी घरात शिरते म्हणून जोतं दोन-अडीच फूट उचलावंच लागते. त्याला तीन-चार पायऱ्या. पायाने दिव्यांग असलेल्या माणसाच्या नावावर मंजूर झालेल्या घरकुलालाही त्याच पायऱ्या. मंजुरी त्याच्या नावाने, पाटी त्याच्या नावाची, आणि आत जायचं तर भावाच्या खांद्यावर. एका गावात तर असा लाभार्थी दिवसभर समोरच्या टिनाच्या शेडमध्येच बसून असलेला मी पाहिला. घरात का नाही बसत विचारलं तर म्हणाला, "एकडाव आत गेलो का मंग बाहेर काहाडाले माणूस पाह्यजे."

उताराचं गणित साधं आहे. सरकारी मापदंडाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दोन फूट असेल तर उतार २४ फुटांचा. एवढी लांब जागा घरासमोर नसते हे खरं, पण मधे सपाट टप्पा ठेवून तो काटकोनात वळवता येतो. आणि दरवेळी सिमेंटच ओतलं पाहिजे असंही नाही. २४ फूट लांब, ४ फूट रुंद, वर दोन फुटांपर्यंत चढत जाणारा उतार भरायला ९६ घनफूट माल लागतो, म्हणजे जवळपास एक ब्रास मुरूम. कडेला दगडाची किंवा विटांची ओळ, पाणी मारून धुमसायचं, वरून पातळ थर, एका बाजूला धरायला पाइप. गावातला कोणताही गवंडी हे दोन-तीन दिवसांत करू शकतो. मिस्त्रीने जोतं बांधण्याआधी सांगितलं तर आणखी स्वस्तात होते. घर झाल्यावर तोडफोड करायला कोणाजवळच पैसा नसतो.

दार तीन फुटांचं पाहिजे, नाहीतर चाकाची खुर्ची अडकते. संडास ही खरी अडचण. १२ हजारांत जो संडास होतो त्याचं दार दोन-अडीच फुटांचं, आतमध्ये वळायला जागा नाही, बसायला जमिनीतलं भांडं. खुर्ची गोल फिरवायला पाच फूट मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर किमान भिंतीला धरायला दांडा, भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची आणि घरापासून संडासपर्यंत सपाट वाट. दिसत नसेल त्याच्यासाठी त्या वाटेने एक दोरी किंवा पाइप बांधून दिला तरी रात्री कोणाला उठवावं लागत नाही. तरण्याताठ्या पोरीला संडाससाठी भावजयीची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहावी लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, अशी घरं आपल्या तालुक्यात आहेत. हे बायका आपसात सांगतात, ग्रामसभेत सांगत नाहीत.

यादीतच नाव नसेल तर?

पण आधी घरकुल मंजूर तर झालं पाहिजे. इथे दिव्यांग माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो, आणि ती पायरी सिमेंटची नाही.

योजनेत लाभ कुटुंबाला असतो. लग्न न झालेला दिव्यांग माणूस रेशन कार्डावर भावाच्या कुटुंबात असतो. भावाचं घर पक्कं असेल, भावाचं किसान क्रेडिट कार्ड ५० हजारांच्या वर असेल, किंवा घरातला कोणीही महिन्याला १५ हजारांहून जास्त कमावत असेल तर ते कुटुंबच अपात्र. त्या पक्क्या घरात या माणसाची खाट कुठे आहे, ओसरीत आहे का गोठ्याशेजारी, हे फॉर्ममध्ये येत नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत एक निकष बरा होता: ज्या घरात दिव्यांग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ कोणीच नाही, ते घर वंचित धरायचं. पण भाऊ धडधाकट असला की तो गुण गेला. भाऊ पाहते की नाही, हा प्रश्न वेगळाच राहिला.

दुसरी गंमत पाहा. अपात्रतेच्या निकषात तीनचाकी मोटार वाहन आहे. हेतू ऑटोवाल्यांसाठी असेल. इकडे सरकारच दिव्यांगांना मोटार बसवलेली तीनचाकी सायकल देते. ही दोन कागदं शेजारी ठेवून वाचली तर सर्व्हे करणाऱ्याच्या मनावर सगळं आलं. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती दिव्यांगांची सहायक साधन म्हणून मिळालेली आहे असं ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावं, नंतर वाद नको.

आवास प्लस २०२४ चा सर्व्हे मोबाइलवर झाला, स्वतःचं नाव स्वतः भरायची सोयही होती. चांगली गोष्ट. फक्त चेहरा ओळखताना डोळे मिचकवा असं जे सांगते, ते डोळ्याने अधू माणसाने कसं करावं हे ॲप सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँका वगैरेंच्या केवायसीबद्दल अशाच तक्रारीवर निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. आपल्या गावात तो निकाल पोहोचायला वेळ लागेल. तोवर नाव भरायचं राहून गेलेल्यांची वेगळी यादी ग्रामसेवकाकडे लेखी देऊन पोच घेणे, एवढंच हातात आहे.

आणि ५ टक्के? घरकुल योजनेच्या नियमावलीत ते राज्याच्या एकूण आकड्यावर आहे आणि त्याच्यापुढे "शक्यतो" हा शब्द आहे. त्यामुळे तुमच्या गावात वीस घरकुलं आली आणि त्यात एकही दिव्यांग नाही, तरी कोणी नियम मोडला असं सिद्ध होत नाही. माझ्या मते हिशोब निदान तालुकावार लागला पाहिजे आणि पंचायत समितीच्या फलकावर दिसला पाहिजे. कायद्यात ५ टक्के सरळ लिहिले आहेत, योजनेत येता-येता ते पातळ झाले.

आकडेही जुनेच चालले आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशातल्या दर दहा दिव्यांगांपैकी जवळपास सात खेड्यात राहतात. तेव्हा मोजणी आठ प्रकारांतच झाली होती, कायद्यात आता २१ आहेत. सिकलसेल त्यात आला आहे, जो मेळघाटात आणि आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे. म्हणजे खरा आकडा मोठा असणार, पण नियोजन जुन्यावर.

मायबापानंतर

ज्याला चालता येत नाही पण बाकी सगळं समजते, त्याचा प्रश्न उतार, दार आणि संडासने बराच सुटतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. इमारत तशी बांधली तर माणूस शिकते, नोकरी करते, संसार करते, हे तिथे चाळीस वर्षांपासून दिसत आहे.

पण ज्याची बुद्धी लहान मुलाएवढीच राहिली, किंवा मानसिक आजार आहे, किंवा आंघोळ-जेवणासाठीही दुसरा माणूस लागतो, त्याला नुसतं घर देऊन काय करणार? त्याच्या आईला भेटा. ती घरकुल मागत नाही. ती एकच विचारते, "मी हाओ तोवर ठीक हाय बाप्पा. मंग याले कोण पाहीन?" पस्तीस-चाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई, असं जोडपं प्रत्येक मोठ्या गावात एखादं तरी आहे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण अचलपूर तालुक्यातलं वझ्झर. शंकरबाबा पापळकरांनी तिथे बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळलं, स्वतःचं नाव दिलं, काहींची लग्नं लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्कार सगळ्यांनी केले. पण बाबा वर्षानुवर्षं जी मागणी करत आहेत तिचं काय झालं? मागणी अशी की बालगृहातल्या मुलांना १८ वर्षांनंतर बाहेर काढायचा नियम बेवारस दिव्यांग मुलांना लावू नका, त्यांना आयुष्यभर तिथे राहू देणारा कायदा करा. अठराव्या वाढदिवसाला मतिमंद मुलगी एकदम शहाणी होत नाही. कायद्यात पुढे २१ वर्षांपर्यंत देखभालीची सोय आहे, त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. वझ्झरमध्ये तो एका माणसाच्या हिमतीवर सुटला. एका माणसाच्या हिमतीवर जिल्ह्याचं धोरण चालत नाही.

दुसरी रीत पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवणला आहे, साधना व्हिलेज. १९९४ पासून. बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसं तिथे घरासारख्या घरांत राहतात, सोबत सांभाळणारी माणसं, दिवसा जमेल ते काम, आणि संस्थेचं आजूबाजूच्या गावांतही काम. मोठ्या हॉलमध्ये ओळीने खाटा, असं ते नाही. तिसरी रीत रत्नागिरीची. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या पण घरच्यांनी नेल्या नाहीत अशा बायकांना चेन्नईच्या बॅनियन संस्थेने वस्तीतल्या साध्या घरांत राहायला ठेवलं. चार-पाच जणी एका घरात, मदतीला एक बाई, बाजार स्वतः करायचा, स्वयंपाक स्वतः. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशी मदतीची घरं सरकारने उभी करावीत असं लिहिलेलं आहे, ही मेहरबानी नाही.

मला विचाराल तर आपल्या जिल्ह्याला ही तिसरी रीत जास्त जमण्यासारखी आहे. मोठी इमारत, मोठी जमीन, मोठं अनुदान यांची वाट पाहत बसायचं काम नाही. गावात बंद पडलेली घरं आहेत, मुलं पुण्याला गेली म्हणून कुलूप लागलेली. चार माणसांना एक घर आणि गावातल्याच दोन बायकांना पाळीपाळीने पगारी काम. २,५०० रुपये महिन्याने एकटा दिव्यांग माणूस मदतनीस ठेवू शकत नाही. चौघांचे मिळून १० हजार होतात, तेही पुरत नाहीत, कारण त्यातच खाणं-औषध आहे. मदतनिसाचा पगार सरकारनेच दिला पाहिजे, अंगणवाडी आणि आशाताईंसारखा. तेवढं धरलं तर बाकी गाव निभावू शकते. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ आणि घरोंदा या योजना अशाच निवासासाठी आहेत, पण त्या नोंदणी झालेल्या संस्थांमार्फत चालतात आणि खेड्यात तशा संस्था नाहीत. म्हणून योजना असून घर नाही.

काही लोक म्हणतील, गावात असं घर काढलं तर भाऊ-भावजय जबाबदारी झटकतील, सगळे आपापले आणून टाकतील. भीती खोटी नाही. पण आज काय होत आहे तेही बघा. जबाबदारी झटकायची असेल तर लोक यात्रेत सोडून येतात. चार गल्ल्या पलीकडे असलेल्या घरात रविवारी डबा घेऊन जाणं सोपं, दोनशे किलोमीटरवर जाणं कठीण.

वाटणी आणि पालकत्व

हा भाग मायबापांनी नीट वाचावा. दिव्यांग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ मध्ये आजार किंवा व्यंग यावरून वारस नाकारता येत नाही असं स्पष्ट आहे. तरी वाटणीच्या वेळी "त्याला काय करायची जमीन, आम्ही पाहूच ना" म्हणत त्याचा हिस्सा भावांत जातो. हिस्सा त्याच्या नावावर राहिला तर सांभाळणाऱ्याला निदान त्याच्या उत्पन्नाचा आधार राहते.

मुलगा १८ वर्षांचा झाला की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमून देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब द्यायचा, म्हणजे काका-मामाला जमीन विकून मोकळं होता येत नाही. आईबाप जिवंत असतानाच हे करून ठेवलं तर पुढचं निम्मं भांडण मिटते. घरात मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, घराबाहेर काढलं असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तहसीलदारांकडे, तक्रार करता येते. तक्रार शेजाऱ्यानेही केली तरी चालते.

पाच टक्क्यांचं काय करायचं

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. समजा घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार मिळून चार लाख जमले, तर २० हजार. वीस दिव्यांग असतील तर प्रत्येकी हजार रुपये. बहुतेक गावांत असंच वाटप होते. मी एका दिव्यांग दादांना म्हटलं, यापेक्षा दरवर्षी तीन-चार घरांना उतार आणि संडासात दांडे का नाही करून घेत? ते म्हणाले, "भाऊ, अनुदान तीन-तीन महिने येत नाही. हे हजार रुपये तं हातात येतात." त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. अनुदान वेळेवर आलं असतं तर त्यांनीच उतार मागितला असता. म्हणून मला वाटते निम्मं वाटप, निम्मं बांधकाम असा ठराव सध्या बरा. जिल्हा परिषदेकडेही स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के असतात, त्यातून घर दुरुस्तीची मागणी करता येते.

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. दिव्यांग असलेल्या घरांनी चार गोष्टी लेखी द्याव्यात: यूडीआयडी कार्डाची प्रत, घरकुल यादीत नाव आहे का याची विचारणा, मंजूर घरकुलाच्या जोत्यालाच उतार आणि तीन फुटी दार धरण्याची मागणी, आणि गेल्या तीन वर्षांत पाच टक्के निधी किती जमला व कशावर गेला याचा हिशोब. रॅम्प नसलेल्या ग्रामपंचायतीत सभा असेल तर ती खाली अंगणात घ्या म्हणून आधीच अर्ज द्यावा, नाहीतर ज्यांच्यासाठी ठराव करायचा तेच पायरीखाली राहतील.